कायम

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी, कॉलेजच्या ऑफिसातल्या बाबूंनी मला हाक मारली. रजिस्टरवर सही घेतली आणि एक पाकीट हातात ठेवलं. आत एकच पान. परिविक्षेचा काळ समाधानकारक पार पडल्यामुळे आपणास सहायक प्राध्यापक या पदावर सेवेत कायम करण्यात येत आहे, अशा अर्थाचा मजकूर. खाली सही, शिक्का. बाबू म्हणाले, "सर, पेढे!" मी हो म्हणालो, पाकीट बॅगेत टाकलं आणि राहिलेला तास घ्यायला वर्गात गेलो. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा वर्ग, सत्तरातले एकवीस हजर. त्यांना काय शिकवलं ते आता आठवत नाही.

घरी आलो तेव्हा माय ओसरीत लसूण सोलत बसली होती. तिला पत्र वाचून दाखवलं. 'परिविक्षा' वगैरे तिला काही कळलं नाही, पण मुद्द्याचं तिनं बरोबर विचारलं.

"म्हंजे आता जूनमधी परत इंटरव्ह्यू नाही ना?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाली, "अन् तुझ्या दोस्ताचं काय झालं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. हात-पाय धुवायला निघून गेलो. ते उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणून हे लिहितोय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या अनुदानित सीनियर कॉलेजांत दोन जातींचे प्राध्यापक असतात. एक कायम, दुसरे सीएचबी. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत 'तासिका तत्त्वावर'. वर्ग तोच, पोरं तीच, फळा तोच, पात्रताही तीच, म्हणजे नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. फरक इतकाच की सीएचबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. पोळ्याची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, सगळं बिनपगारी. २०१८ साली दर वाढवून तासाला पाचशे झाला आणि २०२३ साली नऊशे. मी लागलो तेव्हा तो पाचशेच्याही बराच खाली होता. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. पाचशेच्या दरानं महिन्याला अठरा हजार होतात, पण ते कागदावर. हातात पडायचे तेव्हा चार-सहा महिन्यांचे एकदम पडायचे, आणि तोवर किराणावाल्याच्या वहीत आमचं पान भरलेलं असायचं.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. सत्र संपलं की नेमणूक संपते. जून-जुलैत परत जाहिरात, परत अर्ज, परत फाईल, परत मुलाखत. २००९ ते २०२२ अशी तेरा वर्षं मी दर पावसाळ्याच्या तोंडाला नवी कोरी फाईल घेऊन त्याच दारात उभा राहिलो, जिथं मार्चपर्यंत मी शिकवत होतो. ज्यांनी मार्चमध्ये "या सर, चहा घ्या" म्हटलं, तेच जूनमध्ये विचारायचे, "तुमचा विषय कोणता?"

या तेरा वर्षांत माणूस काय शिकतो? हसायला शिकतो. कुणी काही बोललं की आधी हसायचं. जादा तास घ्या म्हटलं, हसून हो. निवडणुकीच्या याद्या करा म्हटलं, हो. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, संस्थेच्या वार्षिक अंकाचं मुद्रितशोधन, पाहुण्यांना हिंगोली स्टेशनवरून आणायला जाणं, सगळ्याला हो. कुणी धमकी देत नव्हतं बरं का. धमकी द्यायची गरजच नव्हती. जून महिना होता ना!

आमच्या विभागात मंजूर जागा दोन. एक सर २०१२ साली निवृत्त झाले, दुसरे २०१९ साली. जागा रिकाम्या, तास मात्र तेवढेच. २०१६ साली मला पीएच.डी. मिळाली तेव्हा वाटलं, आता झालंच. तर २०१७ साली भरतीच थांबली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं ३,५८० पदं भरायला परवानगी दिली, त्यातली काही भरली गेली, आमच्यापर्यंत गाडी यायच्या आत २०२० साल उजाडलं आणि कोरोनानं सगळंच बंद केलं. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ पदांना परत परवानगी आली. त्या २,०८८ मधला मी एक.

माझी पीएच.डी. झाली त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेला केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली होती. गुरुत्वीय लहरी मोजायच्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची प्रयोगशाळा, आपल्या दुधाळ्याच्या माळावर! किती आनंद झाला होता सगळ्यांना. तिला बांधकामासाठी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. मी मित्राला म्हणायचो, आपल्या जिल्ह्यात वाट पाहायची रीतच आहे, विश्वातून लहरी आल्या तरी त्यांना थोडं बसावंच लागेल.

आता त्या मित्राबद्दल. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.

आम्ही नांदेडला विद्यापीठात एम.ए.ला एकत्र होतो. २००७ साली बाहेर पडलो. सेट दोघांची एकाच वर्षी झाली, सीएचबीवर दोघं एकाच कॉलेजात लागलो. हिंगोलीहून तालुक्याच्या गावाला एकाच मोटारसायकलवर जायचो. पेट्रोल एक आठवडा त्याचं, एक आठवडा माझं. विद्यापीठात काम निघालं की वारंगा फाट्यावर उतरून खिचडी खायची हा आमचा नेम होता. तेरा वर्षांत आम्ही भांडलो असू दोनदा, तेही एकदा पंक्चरवरून.

त्याचा विषय जात्यावरच्या ओव्या. हा विषय नवा नाही हे त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत. उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या होत्या. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. हा गडी म्हणायचा, आपल्या कळमनुरी-सेनगावच्या खेड्यांत अजून जुन्या बाया आहेत, त्या गेल्या की गेलं. म्हणून दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन निघायचा. २००८ पासूनच्या कॅसेटी आहेत त्याच्याकडं, ४२. एका बाईनं कोणत्या गावाहून कोणत्या गावी लग्न होऊन येताना कोणती ओवी आणली, आणि इकडं येऊन तिचे शब्द कसे बदलले, हे तो गावं जोडत जोडत सांगायचा. मोटारसायकलवर मागं बसून मी ते किती ऐकलंय! अर्धं वाऱ्यात जायचं.

या सगळ्यातून त्यानं बारा-तेरा वर्षांत शोधनिबंध किती छापला? एक. दोन वर्षं त्यावर काम केलं, मग एका जुन्या त्रैमासिकाकडं पाठवला. तिथल्या परीक्षकांनी दोनदा परत पाठवला, त्यानं दोनदा दुरुस्त केला, मग छापून आला.

माझे तीन आहेत. त्यातला एक बरा आहे. उरलेल्या दोनबद्दल आता सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत अर्जांची छाननी करण्यासाठी एक तक्ता आहे. पदवीला इतके गुण, पीएच.डी.ला इतके, अनुभवाला इतके. त्यात प्रत्येक शोधनिबंधाला दोन गुण. असा तक्ता येणार याची कुणकुण सगळ्यांनाच आधीपासून होती, आणि जिथं मागणी तिथं दुकान निघतंच. २०१७ साली मला एक मासिक सापडलं. नाव भारदस्त, शीर्षकात 'आंतरराष्ट्रीय' आणि 'बहुविद्याशाखीय' असे दोन्ही शब्द, यूजीसीच्या यादीत क्रमांकसुद्धा. निबंधाला दीड हजार रुपये. मी दोन पाठवले. एक संत नामदेवांच्या अभंगांतल्या सामाजिक जाणिवेवर. नर्सी नामदेव माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कयाधूच्या काठच्या त्या गावी मी शंभरदा गेलेला माणूस, आणि निबंध लिहिला एका रात्रीत, चार पुस्तकं पुढ्यात उघडी ठेवून. दुसरा ग्रामीण कादंबरीतल्या शेतकऱ्यावर. तो दीड रात्रीत. आठ दिवसांत स्वीकृतीचं पत्र आलं. परीक्षकांचा एक शब्द नाही. अंकाच्या आधी प्रमाणपत्र आलं, लॅमिनेशन केलेलं.

मी मित्राला म्हणालो, तूही एखादा देऊन टाक. त्याच्याकडं तर मालच माल होता. तो म्हणाला, "अरे, त्या बायांनी मला फुकट सांगितलं. मी पैसे देऊन कुठं छापू ते?"

मी तेव्हा हसलो. सवय होती.

मे २०१८ मध्ये यूजीसीनं त्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. माझं मासिक त्यात गेलं. पण माझे निबंध ते यादीत असताना छापलेले, त्यामुळं छाननीत चालले. पुढं २०१९ साली केअर नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या, याद्या गेल्या. माझे चार गुण मात्र राहिले.

२०२२ साली आमच्या विभागातली एक जागा निघाली. खुल्या प्रवर्गातली. अर्ज पुष्कळ आले, अगदी कोल्हापूरपासून. छाननीनंतर मुलाखतीची यादी लागली, तीत माझं नाव खालून दुसरं. त्याचं नव्हतं. आम्ही दोघं नोटीस बोर्डापुढं उभे होतो. मी मनातल्या मनात बेरीज केली. त्याच्याकडं आणखी दोन कागद असते तर तो आत असता. त्यानंही केली असणार. बोलला नाही. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हणाला.

मुलाखत मी दिली. निवड झाली. जागा भरताना पैसे मोजावे लागले अशा कहाण्या या भागात कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळतात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही, हे मी अभिमानानं सांगायचो. परवा परवापर्यंत सांगायचो. मग एक दिवस लक्षात आलं, तीन हजार रुपये तर मीही दिलेच होते. पावती वेगळ्या खात्यावर फाटली, इतकंच.

आता या 'कायम' शब्दाबद्दल.

अमेरिकेत या प्रकाराला टेन्युअर म्हणतात. १९१५ साली तिथल्या प्राध्यापकांनी आपली संघटना काढली, जॉन ड्यूई तिचा पहिला अध्यक्ष. या संघटनेनं इतर महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर १९४० साली जे निवेदन काढलं त्यात म्हटलं की उमेदवारीचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा आणि त्यानंतर शिक्षकाला सबळ कारणाशिवाय काढता येऊ नये. कशासाठी? त्याला कर्ज मिळावं म्हणून नाही. त्याला जे खरं वाटतं ते शिकवता यावं, लिहिता यावं, म्हणून. नोकरीची हमी हे साधन, बोलण्याची मोकळीक हे काम. तिथंही आता हंगामी शिक्षकांची संख्या फुगली आहे, ती गोष्ट वेगळी. पण मूळ कल्पना अशी आहे.

आपल्याकडं कायम झालो म्हटल्यावर मला पहिला फोन बँकेतून आला. दुसरा एका नातेवाइकाचा, प्लॉट आहे म्हणून. मूळ वेतन ५७,७०० हे सगळ्या गावाला पाठ. शेजारी म्हणाले, "सुटलात सर!" मला मोकळीक मिळाली का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

पत्र मिळाल्यावर महिन्याभरानं नॅकच्या तयारीची एक बैठक झाली. गेल्या पाच वर्षांचे कार्यक्रम मांडायचे होते. एका तीन दिवसांच्या कार्यशाळेचं नाव आलं, जी कधी झालीच नव्हती. ठरली होती, पाहुणे आले नाहीत, राहिली. मला सांगण्यात आलं, "सर, तेवढा अहवाल तुम्ही करून टाका, तुमची भाषा चांगली आहे." माझ्या बॅगेत कायम झाल्याचं पत्र होतं. मला कुणी काढू शकत नव्हतं. जून गेला होता, कायमचा गेला होता. आणि मी काय केलं? हसलो आणि हो म्हणालो. अहवाल केला. भाषा चांगली झाली.

त्या रात्री झोप लागली नाही. भीतीनं हो म्हणणं मला समजत होतं, तेरा वर्षं ते केलं. पण आता भीती कसली होती? मग कळलं की नोकरी कायम व्हायच्या आधीच काहीतरी दुसरं कायम होऊन बसलं होतं. कॉलेजनं फक्त पत्र दिलं. सवय मी घरून आणली होती.

अशा वेळी आमच्याकडं हटकून एक नाव निघतं, नरहर कुरुंदकर. १५ जुलै १९३२ चा जन्म, गाव कुरुंदा, आपल्या वसमत तालुक्यातलं. गिरगाव-कुरुंद्याची केळी लोकांना माहीत असतात, हे कमी माहीत असतं. नांदापूरकर त्यांचे मामा. कुरुंदकर इंटरला नापास झालेले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पदव्या मागाहून घेतल्या, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, पुढं तिथलेच प्राचार्य. पीएच.डी. नाही. 'जागर', 'शिवरात्र', 'मनुस्मृती', 'रूपवेध', 'धार आणि काठ'... रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची ती प्रसिद्ध प्रस्तावना याच माणसाची. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, व्यासपीठावरच गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

आम्ही सीएचबीवाले चहाच्या टपरीवर म्हणायचो, "आजच्या तक्त्यात कुरुंदकरांनाही मुलाखतीचं पत्र आलं नसतं!" आणि सगळे हसायचे. मीही हजारदा म्हटलंय. आता जरा वेगळं वाटतं. हा विनोद आम्हाला सोयीचा होता. व्यवस्था वाईट आहे, म्हणून आम्ही थांबलोय, एकदा कायम झालो की मग लिहू, मग बोलू. पण कुरुंदकर कायम व्हायची वाट बघत बसले नव्हते. शाळामास्तर होते तेव्हाही ते वाचत होते, लोकांशी वाद घालत होते. व्यवस्था वाईट होती, आहे, यात शंका नाही. पण माझे दोन निबंध व्यवस्थेनं लिहिले नाहीत. मी लिहिले, अडीच रात्रींत. आणि माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून, तेवढ्याच पगारात, त्याच जूनला घाबरत एकानं ते लिहिले नाहीत.

जुलै २०२५. सीएचबीच्या मुलाखती. विभागात दोन मंजूर जागा, एक माझी, दुसरी अजून रिकामी. कायम असलेला मी एकटा, त्यामुळं विभागप्रमुख मीच. टेबलाच्या पलीकडं प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले विषयतज्ज्ञ आणि मी. अलीकडच्या खुर्चीत तेरा वर्षं मी बसलो होतो. तीन उमेदवार होते. त्यातली एक आमचीच विद्यार्थिनी, सेट झालेली, हुशार पोरगी. माझ्या हाताखाली शिकली आणि आता तिच्याही हातात तीच फाईल. तिला बघून पोटात कालवलं. दुसरा एक परभणीकडचा मुलगा. आणि तिसरा माझा मित्र. एकेचाळीस वर्षांचा, पांढरा शर्ट, इन केलेला. फाईल तीच, कव्हर नवं.

तज्ज्ञांनी विचारलं, "तुमचा विषय कोणता?"

मग माझी पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणालो. मी विचारलं, "कळमनुरीकडच्या आणि सेनगावकडच्या ओव्यांत तुम्हाला माहेर या शब्दाच्या वापरात काही फरक दिसला का?" हे मला माहीत होतं. मोटारसायकलवर ऐकलं होतं, अर्धं वाऱ्यात गेलेलं. तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग बोलायला लागला. पंधरा मिनिटं बोलला. प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी त्यांना म्हणालो, "सर, पूर्ण होऊ द्या." एवढंच. साधं वाक्य. पण कायम झाल्यानंतर मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य, ज्याच्या आधी मी हसलो नव्हतो.

रिकाम्या जागेचे तास त्याच्यात आणि त्या मुलीत वाटून गेले. बाहेर जिन्यात तो उभा होता. म्हणाला, "प्रश्न चांगला होता, सर."

गंमत करतोय असं मला वाटलं. गंमत नव्हती. त्या दिवसापासून कॉलेजात तो मला 'तुम्ही' म्हणतो. चारचौघांत विभागप्रमुखाला अरे-तुरे बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. गाडीवर बसलो की कधी कधी विसरतो आणि अरे म्हणतो, तेव्हा बरं वाटतं.

त्याला मी एकदा सुचवलं होतं की ओव्यांच्या कामासाठी एखाद्या संशोधन प्रकल्पाचं अनुदान मागू. अर्ज कायम शिक्षकाच्या नावानं गेला तर सोपं जाईल, म्हणजे माझ्या. तो म्हणाला, "म्हणजे कागदावर नाव तुझं, काम माझं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला पुढं काही सुचलं नाही. विषय सोडला.

मग आता मी काय करतोय? फार काही नाही. चार वर्षं पूर्ण झाली की पदोन्नतीची फाईल भरायची असते, तिची जमवाजमव चालू आहे. त्या फाईलमध्ये ते दोन निबंध जोडायचे नाहीत असं ठरवलंय. त्यानं मित्राला काही मिळणार नाही हे मला कळतं. गेलेले चार गुण इकडून काढून तिकडं देता येत नाहीत. त्याला सांगितलं तेव्हा तोही म्हणाला, "त्यानं मला काय मिळणार?" आणि मग थोडं थांबून, "पण नकोच जोडू. वाईटच होते ते."

दुसरं, दर रविवारी मी त्याच्या घरी जातो. कॅसेटीतला आवाज कॉम्प्युटरवर घ्यायची व्यवस्था माझ्या पगारातून केली. तो ऐकतो, थांबवतो, सांगतो, मी उतरवून घेतो. संशोधक तो, लेखनिक मी. नाव त्याचं एकट्याचं राहील, असं लिहून दिलंय. बेचाळीसपैकी अकरा कॅसेटी झाल्या. तीन खराब निघाल्या, त्यात नुसती खरखर आहे. त्या बाया आता नाहीत.

आणि नॅकसाठी या वर्षी परत एक न झालेला कार्यक्रम पुढं आला, तेव्हा मी म्हणालो, "सर, हा झाला नव्हता." बैठकीत दोन मिनिटं शांतता. मग यादीतलं पुढचं नाव घेतलं गेलं. आभाळ कोसळलं नाही. तेरा वर्षं मला वाटत होतं कोसळेल. सीएचबीवर असताना म्हणालो असतो तर कदाचित कोसळलंही असतं, म्हणून जे अजून तिथं आहेत त्यांना मी हे शिकवायला जात नाही. पण माझ्यासारख्या पत्र मिळालेल्यांनी तरी म्हणायला काय हरकत आहे? साठाव्या वर्षी निवृत्ती. माझ्या हातात अजून बरीच वर्षं आहेत. जुनी पेन्शन नाही, २००५ नंतरच्या कुणालाच नाही, पण वर्षं आहेत.

वर्गात आजही सत्तरातले वीस-पंचवीसच असतात. हळद शिजवायचे दिवस आले की त्यातलेही निम्मे. पोरं पहाटे रस्त्यावर पळतात, पोलीस भरतीसाठी, आणि दुपारी वर्गात डुलक्या घेतात. परवा एकानं विचारलं, "सर, मराठी घेऊन लायगोत नोकरी लागते का?" सगळे हसले. मी नाही हसलो. त्याला म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगतो. तो खरंच विचारत होता.

गेल्या रविवारी अकरावी कॅसेट घरी आणली होती. माय शेजारी बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "असं नाही म्हणायच्या आमच्याकडं," आणि आपल्या गावची चाल धरून म्हणायला लागली. मी घाईनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि त्याला पाठवलं. दोन मिनिटांत त्याचा फोन. "अरे, मावशीचं माहेर कोणतं? आधी का नाही सांगितलंस लेका? मी उद्याच येतो."

फोन ठेवल्यावर मायनं विचारलं, "त्याचं झालं का कायम?"

या वेळी मी उठून गेलो नाही. म्हणालो, "नाही. जूनमध्ये परत इंटरव्ह्यू आहे. आणि माझं झालं त्यात त्याचंही थोडं गेलंय, माय." तिला किती कळलं कुणास ठाऊक. म्हणाली, "उद्या येणार हाय ना? मग जेवूनच जा म्हणावं."